कॅबिनेटमधील दोन आटे

सुट्या भागांतून संगणक जुळवण्याच्या नवी मुंबईतील व्यवसायाचा इतिहास सहसा प्रोसेसरच्या पिढ्यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु या व्यवसायातील कारागिरी समजून घ्यायची तर मदरबोर्ड ज्यांच्यावर बसतो त्या पितळी स्टडांकडे पाहावे लागते. त्याआधी थोडी पार्श्वभूमी: हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली, वाशीचा खाडीपूल 1973 मध्ये खुला झाला आणि 1992 मध्ये लोकल वाशीला पोहोचली. नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केल्यानंतर रेडिओच्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला मुंबईतील लॅमिंग्टन रोड संगणकाच्या भागांचीही बाजारपेठ बनला, आणि नव्या शहरातील जुळणी करणारे कारागीर प्रारंभी तिथूनच माल आणत. पुढे 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामुळे परदेशी मालाचे प्रवेशद्वार या शहराच्या उंबरठ्यावरच आले.

स्टड म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्यात, अर्थात संगणकाच्या धातूच्या पेटीत, बसवलेला सहा बाजूंचा छोटा खांब. तो मदरबोर्डाला पत्र्यापासून सुमारे पाव इंच वर उचलून धरतो, म्हणजे बोर्डाच्या पाठीवरील सोल्डरचे डाग पत्र्याला टेकून शॉर्ट होत नाहीत. त्याच्या माथ्यावरील छिद्रात आटे पाडलेले असतात, आणि सारी अडचण या आट्यांत आहे. आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकापासून या पेट्यांत अमेरिकी इंची स्क्रू रूढ झाला, ज्याचा व्यास सुमारे 3.5 मि.मी. असून एका इंचात 32 आटे बसतात. आशियातील कारखान्यांतून त्याच्या जोडीला एम3 हा मेट्रिक स्क्रूही आला, ज्याचा व्यास 3 मि.मी. आणि दोन आट्यांतील अंतर अर्धा मि.मी. आहे. दोन्हींच्या आट्यांचा कोन 60 अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये पुरस्कारलेला हा कोन 1948 च्या अमेरिका-ब्रिटन-कॅनडा करारातही कायम राहिला, आणि मेट्रिक पद्धतीतही तोच आहे. त्यामुळे हे दोन स्क्रू नुसत्या नजरेला एकाच जातीचे वाटतात. भारताने 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी कॅबिनेटच्या आत इंच टिकून राहिला.

चुकीच्या जोडीचे परिणाम दोन प्रकारचे होतात. बारीक आट्याचा एम3 स्क्रू इंची छिद्रात सहज उतरतो, पण धरत नाही, आणि बोर्ड सैल राहतो. जाड आट्याचा स्क्रू एम3 स्टडमध्ये सुरुवातीलाच अडतो, जोर लावल्यास मऊ पितळेचे आटे मारतो, आणि नंतर काढताना स्टडसकट फिरत पत्र्यातून बाहेर येतो. अशा वेळी बोर्ड उचलून, स्टड पकडीत धरून स्क्रू सोडवणे आणि स्टड बदलणे हाच खरा उपाय होय. मेलेल्या आट्यात आणखी मोठा स्क्रू ठोकणे हा उपाय नव्हे, ती हानी आहे.

इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स हा मदरबोर्डचा आराखडा जाहीर केला तेव्हा छिद्रांच्या जागाही बदलल्या. जुने एटी बोर्ड थोडे पितळी स्टड आणि प्लॅस्टिकच्या खुंट्या यांवर बसत, तर पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डाला साधारणपणे 9 जागी आधार लागतो. लहान बोर्ड त्याच पेटीत बसवताना एखादा स्टड नको त्या जागी राहिला, तर छिद्र नसलेल्या ठिकाणी तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि संगणक सुरूच होत नाही. स्क्रूच्या पुडीत येणारे लाल फायबर वॉशर याच काळातले. स्वस्त कॅबिनेटचा पातळ पत्रा वाकलेला असल्याने छिद्रे जुळत नसत. सगळे स्क्रू आधी सैल लावून, बोर्ड मागच्या पत्र्याच्या चौकटीत नीट बसल्यावरच ते आळीपाळीने आवळण्याची शिस्त कारागिरांनी हातानेच शिकून घेतली. माहिती तंत्रज्ञान कराराखाली 2005 मध्ये आयात शुल्क शून्यावर आले आणि वेगवेगळ्या कारखान्यांचे भाग एकाच पेटीत येण्याचे प्रसंग वाढले, तेव्हा या शिस्तीचे मोल आणखी वाढले.

हे ज्ञान लेखी फारसे उतरलेले नाही, ही खरोखर खेदाची बाब आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या विद्यार्थ्याच्या हाती आटे मोजण्याचे गेज दिले जाते. संगणक जुळणी शिकणाऱ्याच्याही हाती ते पहिल्याच आठवड्यात द्यावे.