मुका झालेला उपग्रह

सोव्हिएत रशियाचा 'स्पुटनिक' ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं अंतराळांत गेला आणि तीनच महिन्यांनीं वातावरणांत शिरून भस्म झाला. मार्च १९५८ मध्यें अमेरिकेनें सोडलेला दीड किलोचा 'व्हॅनगार्ड' मात्र १९६४ सालीं मुका होऊनहि अद्याप फिरतोच आहे. हा भेद उंचीचा. स्पुटनिक प्रत्येक फेरींत सव्वादोनशें किलोमीटरपर्यंत खालीं येई. तेथील विरळ हवाहि त्याचा वेग हरण करी. व्हॅनगार्डची नीचतम उंचीच सुमारें साडेसहाशें. अशीं निर्जीव यंत्रें निरुपद्रवी नसतात. २००९ सालीं मृत 'कॉसमॉस' व चालू 'इरिडियम' यांची टक्कर होऊन दोघांचेहि तुकडे झाले. २०२२ मध्यें अमेरिकेनें कार्यसमाप्तीनंतर पांच वर्षांत उपग्रह उतरविण्याचा नियम केला. इंजिन नसलेल्या कांहीं लहान उपग्रहांना याकरितां शीड जोडतात. तें उलगडलें कीं हवेचा रोध वाढतो. चढविणाऱ्यानेंच उतरण्याची वाट आधीं आंखावी, हें आतां मान्य झालें आहे.