मत्स्यविनोदाचा मुक्काम

गळानें मासे धरण्यासाठीं रानांत जाणाऱ्यानें मुक्काम कोठें करावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस इतिहासाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. आमच्या मतें तो मुख्यतः दप्तराचाच प्रश्न आहे.

हा छंद साहेबलोकांनीं ह्या देशांत आणला, हा समज निराधार होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (शके १०५१ च्या सुमारास) मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें, गळ, दोरी ह्यांचा विचार त्यांत केला आहे. श्रीगोंदेकरांनीं गायकवाड प्राच्यमालेंत संपादिलेला हा ग्रंथ कित्येकांच्या संग्रहीं असेल. परंतु अमुक डोहांत अमुक सालीं किती मासे मिळाले, हें शास्त्रग्रंथ सांगत नाहीं. तें रोजनाम्याचें काम.

इंग्रजी अमदानींतले डाकबंगले वाटेच्या टप्प्यांवर बांधलेले होते, आणि जंगलखात्याचे बंगले अंमलदारांच्या फिरतीसाठीं. नदी जवळ असलीच तर तो योगायोग. म्हणून गळाचा शोकी काठीं तंबू ठोकी; पण तंबू उठला कीं माहितीही बहुधा त्याच्याबरोबर उठे. १९४६ सालीं कबिनी नदींत व्हॅन इंगन ह्यांनीं १२० पौंडांचा महसीर धरला, ही नोंद प्रसिद्ध आहे. तथापि एका मोठ्या माशावरून नदीची स्थिति ठरत नाहीं. एका शिलालेखावरून संबंध राजवट ठरत नाहीं, तसेंच हें.

ह्याच्या उलट उदाहरण कावेरीकाठच्या गालिबोरे येथील छावणीचें. तेथें १९९८ ते २०१२ पर्यंत मासे धरून, वजन करून, पुन्हा पाण्यांत सोडीत. आणि नोंद ठेवीत. ६१६१ महसिरांच्या ह्या नोंदी अभ्यासकांनीं तपासल्या, तेव्हां कुबडा महसीर घटत चालला असून बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत आहे, असें २०१५ सालीं सिद्ध झालें. त्या कुबड्या माशाची शास्त्रीय नामनिश्चिति तर २०१८ सालीं झाली. ज्याला नांवही मिळालें नव्हतें, त्याच्या ऱ्हासाचा पुरावा विश्रांतीस आलेल्या लोकांच्या वहींत होता! त्या अभयारण्यांत आतां गळ टाकण्यास मनाई आहे. वही मात्र राहिली.

तेव्हां, जेथें गळास परवानगी असेल तेथें जाणाऱ्यानें प्रथम पाणी किती जवळ आहे तें पाहावें; मग मुक्काम पुराच्या रेषेवर आहे कीं नाहीं तें पाहावें; आणि शेवटीं तेथें नोंदवही ठेवतात काय, हें अवश्य विचारावें. दोन मुक्काम सारखे असल्यास वहीचा पसंत करावा, आणि आपला मासा, मग तो बोटभर कां असेना, तींत लिहून यावें.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, जुन्या बंगल्यांतील वह्या व घरोघरच्या शिकारी रोजनिशा रद्दींत जाऊं देऊं नयेत. बखरींस जी वाळवी लागते, तीच ह्यांसही लागते.