शाळेच्या जागेचे मोल

शाळेचा इतिहास लिहिणारे कोणी गुरुजनांपासून आरंभ करतात, कोणी पाठ्यपुस्तकांपासून. ज्या जमिनीवर ती शाळा उभी राहिली ती मुळात कोणाची होती, ती कशी मिळाली, तिच्याबद्दल कोणास काय दिले गेले आणि कोणास काहीच दिले गेले नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ते काम भूसंपादनाच्या दप्तरावर सोपवून इतिहासकार पुढे निघून जातो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे दिवस मात्र अशाच दप्तरांत जातात. परप्रांतातील जिल्ह्यात मोजण्या, नोटिसा, हरकती आणि निवाडे यांतून ज्यांना वाट काढावी लागते त्यांना हा विषय रुक्ष वाटणार नाही, अशा समजुतीने आम्ही तो येथे घेत आहोत.

योगायोग असा की, १८७० या एकाच वर्षी दोन कायदे झाले. इंग्लंडात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात भूसंपादनाचा. पहिल्याने शाळा काढण्यासाठी जमीन घेण्याचा अधिकार लोकनियुक्त मंडळांस दिला. दुसऱ्याने कोणत्याही सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याची रीत सरकारास घालून दिली. दोहोंचा हेतू वरवर एकच दिसतो. पण दोहोंनी विचारलेले प्रश्न निराळे होते.

त्यापूर्वी इंग्लंडात शाळेची जागा हा दातृत्वाचा विषय होता. १८४१ च्या कायद्याने जमीनदारास गरिबांच्या शाळेसाठी एक एकरपर्यंत जमीन देण्याची सोय करून दिली होती. त्या दानास एक दोरी बांधलेली असे. जागेचा शाळेसाठी उपयोग थांबला की ती मूळ मिळकतीकडे परत जावयाची. खेड्यात हे चालून गेले. पण लंडनच्या पूर्वभागात, जेथे मुले सर्वांत अधिक आणि शाळा सर्वांत कमी, तेथे एक एकर मोकळी जमीन दान देणारा कोठून आणावयाचा? जेथे गरज तेथे दाता नाही, ही अडचण दातृत्वाने सुटण्यासारखी नव्हती.

१८७० च्या कायद्याने ती सोडविली. स्कूल बोर्डास प्रथम राजीखुशीने जमीन विकत घ्यावयाची मुभा होती. मालक राजी नसेल तर बोर्डाने वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी, नकाशा पाहण्यास खुला ठेवावा, मालकांस नोटिसा द्याव्यात आणि मग शिक्षण खात्याकडे अर्ज करावा. खात्याने चौकशी करून तात्पुरता हुकूम काढावा. तो पार्लमेंटने कायद्याने कायम केल्याखेरीज अमलात येत नसे. किंमत ठरविण्याची रीत १८४५ च्या कायद्यातून घेतलेली होती. पन्नास पौंडांपर्यंतचा दावा दोन न्यायाधिकाऱ्यांनी निकालात काढावा; त्याहून मोठा असेल तर पंच अथवा ज्यूरी. जमीन सक्तीने जाते म्हणून बाजारभावावर शेकडा दहा अधिक देण्याचा प्रघात होता. तो १९१९ च्या कायद्याने बंद झाला. ही रीत संथ आणि खर्चिक होती यात शंका नाही. पण 'हीच जागा का?' हा मालकाचा प्रश्न पार्लमेंटच्या दारापर्यंत नेता येत असे.

लंडनच्या या पहिल्या बोर्डावर कोण होते हे पाहिले तर आपल्याकडील वाचकास थोडे आश्चर्य वाटेल. टी. एच. हक्सलेसारखा शास्त्रज्ञ होता. एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून आल्या होत्या. आणि अध्यक्ष होते लॉर्ड लॉरेन्स. पंजाबात मुलकी कारभार करून नावारूपास आलेले आणि १८६४ ते १८६९ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले तेच हे जॉन लॉरेन्स. १८७० पासून १८७३ पर्यंत ते बोर्डाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकीर्दीत १८६८ साली पंजाबातील कुळांचा आणि अयोध्या प्रांतातील खंडाचा असे दोन कायदे झाले होते, आणि कुळांचा पक्ष घेतल्याबद्दल जमीनदारवर्गाचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता.

या बोर्डाची पहिली कायम इमारत १८७३ साली व्हाइटचॅपेलमधील ओल्ड कॅसल स्ट्रीटवर उघडली. पुढे १९०४ साली बोर्ड बरखास्त होऊन त्याचे काम लंडन काउंटी कौन्सिलकडे जाईपर्यंत शेकडो शाळा उठल्या. जागा इतकी महाग की ई. आर. रॉबसन या वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली तीन मजली शाळा बांधल्या गेल्या आणि काही ठिकाणी खेळाचे पटांगण छपरावर न्यावे लागले. पण जेथे मुले दाट तेथे घरेही दाट. शाळेसाठी घरे पाडावी लागत. मोबदला घराच्या मालकास मिळे. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या कुटुंबास मुदतीची नोटीस दिली की कायद्याचे कर्तव्य संपत असे. ज्याच्या मुलासाठी शाळा बांधावयाची त्याचेच बिऱ्हाड शाळेखाली जावे, आणि त्याचा हक्क कोणत्याही रकान्यात बसू नये, अशी ती स्थिती होती. पंजाबच्या कुळांचा कैवार घेणारा पुरुष अध्यक्षस्थानी असतानाही लंडनचा भाडेकरी उघड्यावरच राहिला. दोष व्यक्तीचा नव्हता. कायद्याला मालक दिसत होता, रहिवासी दिसत नव्हता.

आता आपल्याकडे वळू. बंगालमधील १८२४ च्या रेग्युलेशनपासून सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा कायदा आहे. १८५७ साली तो कंपनीच्या सर्व मुलखास लागू झाला. १८७० साली किमतीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे नेण्याची व्यवस्था झाली. आणि १८९४ च्या कायद्याने कलेक्टरने निवाडा द्यावा, न पटल्यास मालकाने न्यायालयाकडे दाद मागावी, अशी घडी बसविली. बाजारभावावर शेकडा पंधरा दिलासा रक्कम म्हणून मिळे. म्हणजे पैशाच्या बाबतीत आपला कायदा इंग्लंडच्या प्रघाताहून काहीसा उदारच होता. पण 'माझी जमीन का घेता?' हे विचारण्याचा अधिकार मालकास १९२३ साली पाचव्या कलमाच्या पोटी नवे कलम घातले गेले तेव्हा प्रथम मिळाला. तोवर किती द्यावयाचे एवढाच प्रश्न होता. घ्यावी की नाही हा सरकारचा खाजगी विचार होता.

शाळांसाठी मात्र हा कायदा आपल्या खेड्यापाड्यांत फारसा वापरावा लागला नाही. शाळा देवळात भरे, धर्मशाळेत भरे, चावडीत भरे. पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात. त्याच भिडेवाड्याची जागा राष्ट्रीय स्मारकासाठी संपादन करावयाची तर तेथील दुकानदार भाडेकऱ्यांशी वर्षानुवर्षे खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेस ताबा मिळाला. एका माणसाने जे दानाने दिले, ते त्याच्या पश्चात सरकारला न्यायालयाच्या पायऱ्या चढून मिळवावे लागले.

दुसरी सोय गावच्या सामाईक जमिनीची. गायरान, गावठाणातील पडीक तुकडा, यांवर शाळा उठली की खरेदीचा प्रश्नच नाही. सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा निकाल २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका प्रकरणात दिला. त्यातही शाळा वा दवाखाना आधीच उभा असलेली जागा अपवादात्मक मानली. परंतु गायरान फुकट नसते. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याची शेळी तेथेच चरत असते.

हाच तो लंडनचा भाडेकरी. १९८४ साली आपल्या कायद्यात दोन बदल झाले: सार्वजनिक कामाच्या व्याख्येत शिक्षणाचे नाव स्पष्टपणे आले, आणि दिलासा रक्कम शेकडा तीस झाली. दोन्ही योग्य; पण दोन्ही मालकापुरते. १ जानेवारी २०१४ रोजी अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने दिलासा शेकडा शंभर केला आणि ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक लावला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'बाधित कुटुंब' या शब्दांत त्याने कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांचा समावेश केला. तीन वर्षे त्या जागेवर पोट भरणारा माणूस, मालकी नसतानाही, कायद्याच्या कागदावर आला. या माणसाचे नाव लिहिण्यास १८७० पासून मोजले तर एकशे त्रेचाळीस वर्षे लागली.

कागदावर आला म्हणजे हाती काही आले असे मात्र नाही. त्या नावाची यादी शेवटी जिल्ह्यातील एखादा अधिकारीच करतो. नकाशावर शाळेची चौकट आखताना तो चौकटीच्या आत राहणाऱ्यांस भेटतो की केवळ खातेदारांस नोटीस पाठवितो, यावर कायद्याचा खरा अर्थ ठरतो. शाळा ही समाजाने पुढच्या पिढीस दिलेली देणगी आहे असे आपण म्हणतो. ती देणगी कोणाच्या खिशातून दिली गेली हे निवाड्याच्या पानावर नीट लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा इतिहास आपल्याकडून करतो. आणि आमच्या मते ती फार मोठी नाही.