डोळ्याची खोबण फुटते तेव्हा: घाई की थांबणं?

आता आपण १९५७ सालाकडे येऊ. स्मिथ आणि रेगन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मृतदेहाच्या मिटल्या पापणीवर हर्लिंग या आयरिश खेळातला चेंडू ठेवून हातोडा मारला. खोबणीची कड शाबूत राहिली, आतला पातळ तळ मात्र फुटला. मग काय, लवकर शस्त्रक्रिया करायची, हा शिरस्ता पडला. १९७४ मध्ये पटरमन यांनी दाखवलं की बऱ्याच रुग्णांचं दुहेरी दिसणं शस्त्रक्रियेविनाही जातं. तेव्हा थांबणारे वाढले. पुढे सीटी स्कॅनमुळे फट नेमकी दिसू लागली. पण १९९८ मध्ये मुलांबाबत इशारा आला: डोळा पांढराशुभ्र, सूज फारशी नाही, तरी तो वर फिरत नाही, मळमळतं. म्हणजे स्नायू फटीत अडकलाय. इथे थांबलो, तर स्नायू कायमचा दुखावू शकतो. म्हणून आपण आधी डोळा फिरतो का ते पाहायचं.