लाजेचा इतिहास आणि तांबी

मागच्या बैठकीनंतर गटातल्या एका ताईंची सून मागे थांबली. वय एकोणीस, कडेवर तान्हं बाळ. हळूच म्हणाली, "ताई, दुसरं इतक्यात नको. पण दवाखान्यात विचारायची लाज वाटते." ही लाज तिची एकटीची नाही, फार जुनी आहे. तिचीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवू लागले, तर अश्लील म्हणून खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

१९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतलं. १९६५ ला लूप आला. लूप बसवायची घाई मोठी, नंतरची विचारपूस कमी. अंगावरून जास्त गेलं, पोटात दुखलं, तरी बाईने जायचं कुणाकडे? ती भीती पुढे तांबीलाही चिकटली. शिवाय सगळा भर लेकुरवाळ्या बायकांवर. कोवळ्या पोरींकडे कुणी बघितलंच नाही.

१९८९ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास जगापुढे आला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. बाकीच्या अंगावर काढत होत्या.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो १० ते १९ वयाच्या सगळ्यांसाठी आहे, लग्न झालेलं असो वा नसो. सरकारी दवाखान्यांतली 'मैत्री' केंद्रं त्यांच्यासाठीच आहेत. तरीही अठराच्या आतल्या मुली पोलिसांच्या भीतीने लपून राहतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव कळवायची गरज नाही.

त्या सुनेबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सताईंनी नीट समजावलं: तांबी पाच किंवा दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, काढल्यावर दिवस राहू शकतात. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांचं असतं. लैंगिक आजार मात्र यातल्या कशानेच टळत नाहीत, त्याला निरोधच लागतो. काय घ्यायचं ते तिने स्वतः ठरवलं.

कर्व्यांना जाऊन सत्तर वर्षं उलटली. आता लेकीसुनांनी विचारलं, तर आपण तरी त्यांना गप्प बसवू नये.