कामसू कोणाला म्हणावे?

‘कामसू’ हा मराठीत स्तुतीचा शब्द आहे. परंतु ही स्तुती कोण करतो यावर त्याचा अर्थ फिरतो, हे कामगारांत वावरताना आम्हांस कळले.

पोलादपूर तालुक्यातील कापडे गावी या शब्दाचे माप हंगाम हे होते. पावसाआधी राब भाजावा, आषाढात चिखलात वाकून भाताची लावणी करावी, उतारावर नाचणी-वरी घ्यावी. ज्याची लावणी वेळेवर उरकली आणि जो शेजाऱ्याच्या खाचरातही उतरला, तो कामसू. तोच पुढे उन्हाळ्यात पारावर बसला, तरी त्याला कोणी आळशी म्हणत नसे.

१८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे या डोंगराळ मुलखातील माणसे गिरण्यांत गेली, आणि हंगामाच्या जागी भोंगा आला. लावणीसाठी गावी आलेल्याच्या नावावर खाडा पडे. परत जावे तो जागेवर बदलीवाला उभा; मग जॉबरला दस्तुरी देणे आले. मालकाच्या लेखी हा गडी कामचुकार! वास्तविक तो एका कामावरून दुसऱ्या कामावर गेला होता. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते नीट सांभाळावे, असा अभिप्राय १९३१ साली व्हिटली आयोगानेही दिला. तो मुंबईत असता शेत राखणाऱ्या बायकोलाही लोक कामसू म्हणत. सातबाऱ्यावर मात्र बहुधा तिचे नाव नसे.

अखंड राबणे म्हणजेच उद्योगीपणा, ही समजूत नारायण मेघाजी लोखंडे यांनी हलविली. १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनी त्यांनी आठवड्याची सुटी मागितली; १८९० साली रविवार मोकळा झाला. त्यामुळे गिरण्या काही बुडाल्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात जादा तासांचा पगार मागावयास आम्ही गेलो होतो. १९४८ च्या कायद्याने त्याला दुप्पट दर लावून दिला होता. साहेब हसून म्हणाले, “तुमची माणसे कामसू आहेत हो, ती स्वतः कधी मागत नाहीत.” आम्ही म्हटले, “साहेब, म्हणूनच आम्ही मागतो आहोत.”

श्रोतेहो, कामसू म्हणजे मुका नव्हे. ज्याला कामसू म्हणाल, त्याच्या कामाचा हिशेब आधी चुकता करा. मग तो शब्द त्याला शोभेल, आणि तुमच्या तोंडालाही.