वाळवीची भावकी

वारूळ, राणी, कामकरी, सैनिक असा थाट पाहून वाळवी मुंगीच्या गोतावळ्यातली, असं आपण धरून चालतो. पण मुंगीचं कूळ गांधीलमाशीचं. वाळवी निघाली झुरळाच्या घरातून.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण पट्ट्यात 'मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस' ही वाळवी राहते. फ्रॉगट या कीटकतज्ज्ञाने 1897 मध्ये तिचं वर्णन केलं. नाव डार्विन शहरावरून. झाडं, लाकूड, केबलचं आवरण, काहीच न सोडणारी ही जात तिथे बदनाम, पण कुळाच्या खुणा जपाव्यात त्या हिनेच. बाकीच्या वाळव्या सुटी अंडी घालतात. हिची अंडी दोन ओळींत चिकटलेली असतात. आपल्या कपाटाच्या कोपऱ्यात सापडणारी झुरळाची तपकिरी कुपी फोडली, तर आत हीच मांडणी दिसते. मागच्या पंखाचा घडी होणारा रुंद भागही झुरळासारखाच.

त्याच देशात, क्वीन्सलँडमध्ये, बीळ खणणारं गेंडा-झुरळ आहे. आठ सेंटिमीटर लांब, तीस ग्रॅमच्या वर वजन, पंख नाहीत. जमिनीत मीटरभर खोल जातं, रात्री निलगिरीची वाळकी पानं ओढून आत नेतं, पिल्लांना कित्येक महिने सांभाळतं. हाच वाळवीचा पूर्वज, असं म्हणायचा मोह होतो. तसं नाही. ही भावकी लांबची. संसार त्याने स्वतंत्रपणे थाटला.

सख्खं नातं 'क्रिप्टोसर्कस'चं. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत कुजक्या ओंडक्यात राहणारं हे झुरळ. त्याच्या आतड्यात लाकूड पचवणारे एकपेशीय जीव असतात. वाळव्यांच्या पोटातल्या जीवांचेच ते भाऊबंद, हे क्लीव्हलँड या अभ्यासकाने 1934 मध्ये सविस्तर मांडलं. पिल्लांना ते मिळतात आईबापांच्या गुदद्वारातून पाझरणारा द्रव चाटून. ऐकायला किळसवाणं, पण माझ्या मते वाळवीच्या एकत्र कुटुंबाचं मूळ इथेच शोधावं. कात टाकली की वाळवीच्या पोटातले हे जीव निघून जातात, आणि ते पुन्हा मिळवायला घरच्यांकडेच जावं लागतं. वेगळं निघायची सोयच नाही.

तरीही वाळवीचा गण वेगळाच मानला जाई. 2007 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे तो मोडीत काढून झुरळांच्या गणात घातला.

उत्क्रांतीच्या ओघात वाळव्यांच्या एका शाखेने ते पोटातले जीवही सोडले. त्यातल्या काही जाती वारुळात बुरशी पिकवू लागल्या. पावसाळ्यात गोव्याच्या बाजारात चढ्या भावाने विकली जाणारी वारुळावरची अळंबी ही त्याच बुरशीची.